एक नाव, वीस वल्ही

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते. सह्याद्रीचे कडे उतरून ती पोलादपूरच्या खोऱ्यात येते, तेथून महाडास जाते आणि पुढे दासगावावरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. पोलादपूरपाशी ती डोंगरातली नदी असते. महाडपाशी तिला समुद्राच्या भरतीची चाहूल लागते. रस्ते नव्हते तेव्हा हीच नदी या मुलखाचा राजमार्ग होती. १९२७ सालच्या डिसेंबरात चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून आगबोटीने निघाले, ते याच जलमार्गाने दासगावास उतरले आणि तेथून पायी महाडास आले.

परंतु ही नदी जशी उपकारी, तशीच उग्रही आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना दगडी पूल महापुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराने वेढले गेले. तेव्हा अडकलेल्या माणसांपर्यंत पोहोचण्यास होडीवाचून दुसरा उपाय उरला नव्हता. नदीकाठच्या मुलांना पाण्याचे भय वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र भयाने पाण्याकडे पाठ फिरवणे वेगळे आणि पाण्याचा स्वभाव ओळखून सावधपणे वागणे वेगळे. ही ओळख शिस्तीने करून देणारा एक सांघिक खेळ आहे. त्याचे नाव ड्रॅगन नौकेची शर्यत.

या खेळाचा उगम चीन देशात झाला. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी तेथे च्यू युआन नावाचा एक कवी व राजकारणी होऊन गेला. आपले राज्य शत्रूच्या हाती जात आहे हे पाहून दुःखावेगाने त्याने मिलुओ नदीत देह टाकला. लोकांना तो प्रिय होता. वार्ता कळताच ते होड्या घेऊन त्याला वाचवण्यासाठी धावले. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून त्यांनी ढोल बडवले आणि पाण्यात भात टाकला, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, या खेळाच्या मुळाशी बुडणाऱ्याला वाचवण्याची धडपड आहे, असे ती सांगते आणि म्हणूनच ती पूर पाहिलेल्या गावाला परकी वाटत नाही. १९७६ साली हाँगकाँग येथे झालेल्या शर्यतींपासून या खेळाला आधुनिक रूप आले. १९९१ साली त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१० साली आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला स्थान मिळाले.

ही नौका लांब व अरुंद असते. मोठ्या नौकेची लांबी सुमारे साडेबारा मीटर असून रुंदी मात्र मीटरभराहून थोडीच अधिक असते. शर्यतीच्या वेळी पुढच्या टोकास ड्रॅगनचे, म्हणजे चिनी कथांतील पंखहीन नागासारख्या प्राण्याचे, मस्तक बसवतात आणि मागे शेपूट. आत दहा फळ्या असतात व प्रत्येक फळीवर दोघे, असे वीस वल्हेकरी बसतात. नौकेच्या अग्रभागी ढोलकरी वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसतो. मागच्या टोकास सुकाणूधारी लांब वल्ह्याने नौकेला दिशा देतो. अशी ही बावीस जणांची होडी होय.

वल्हवण्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. एका प्रकारात वल्हे होडीच्या कडेला अडकवलेले असते आणि वल्हवणारा आपल्या जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो. ड्रॅगन नौकेत वल्हे कोठेही अडकवलेले नसते. ते दोन्ही हातांत मोकळे धरून, समोर तोंड करून पाणी मागे ओढावयाचे असते. एक हात वल्ह्याच्या वरच्या मुठीवर आणि दुसरा खाली पात्याजवळ असतो.

नवशिक्या मुलाला नौकामंडळात प्रवेश मिळाला की त्याच्या हाती लगेच वल्हे येईल, असे नाही. आधी पोहता येते का, याची विचारणा होते. मग तरंगजाकीट अंगात घालून त्याचे बंद घट्ट बांधावयास शिकवतात. होडीत उतरताना मध्यावर पाय ठेवावा, उभे राहून चालू नये, शेजाऱ्याचे वजन आपल्याशी जुळते की नाही ते पाहून बसावे, असे लहानसहान नियम सांगितले जातात. ते क्षुल्लक वाटतात. पण अरुंद होडीचा तोल त्यांवरच अवलंबून असतो. होडी डुलू लागली तर वल्ह्याचे पाते पाण्यावर आडवे टेकवावे, म्हणजे तोल सावरतो. आणि होडी उलटलीच, तर काठाकडे एकट्याने पोहत न जाता तिला धरून राहावे व आपला शेजारी सुखरूप आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

यानंतर वल्ह्याचा धडा सुरू होतो. कमरेतून पुढे वळून वल्हे दूर न्यावे, पाते पूर्ण पाण्यात बुडवावे, पाठीचा व पायांचा जोर लावून मागे ओढावे, कमरेपाशी ते बाहेर काढावे आणि पुन्हा पुढे न्यावे. नवशिक्या केवळ दंडाच्या बळावर ओढतो, म्हणून तो लवकर थकतो.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट बळाची नसून तालाची आहे. अगदी पुढच्या फळीवरील दोघांची वल्ही ज्या क्षणी पाण्यात शिरतील, त्याच क्षणी मागच्या अठरा जणांचीही शिरली पाहिजेत. एखाद्याने आपले सामर्थ्य दाखवण्यासाठी घाई केली, तर त्याचे वल्हे पुढच्याच्या वल्ह्यावर आदळते, नौका हेलकावते आणि तिचा वेग मंदावतो. पाणी नौकेला सतत अडवीत असते. तो अडथळा वीस जणांच्या एकवटलेल्या ओढीनेच जिंकता येतो. शिमग्यात पालखी नाचवणारे खांदेकरी आपण पाहतो. त्यांतील एकाचे पाऊल चुकले तर पालखी डगमगते. सर्वांची पावले जुळली तर तीच जड पालखी हलकी वाटते. येथेही तसेच घडते. म्हणून या नौकेत किरकोळ बांध्याच्या, पण ताल सांभाळणाऱ्या मुलाला मान असतो आणि बलवान परंतु उतावळ्या मुलाला आधी थांबावयास शिकावे लागते.

आपल्या देशालाही अशा शर्यती नव्या नाहीत. केरळात सर्पाकार लांब नौकांना शंभराच्या आसपास वल्हेकरी लागतात व ते गाण्याच्या ठेक्यावर वल्ही मारतात. १९५२ साली पंडित नेहरूंनी आलप्पुळा येथे ही शर्यत पाहिली. त्यांनी दिलेल्या रुपेरी चषकासाठी तेथे आजही चुरस होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या नौकाक्रीडांचा उत्सव १९२८ साली सुरू झाला.

नवशिक्याने धीर धरावा असे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करी. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि तेथे, वयाची विशी उलटल्यावर, त्याची वल्ह्याशी ओळख झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत त्याने तेरावा क्रमांक मिळवला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आणखी तिघांसह चौघांच्या नौकेतून भारतासाठी सुवर्णपदक आणले. त्याची नौका ड्रॅगन नौकेहून निराळी होती; पण चौघांचा ताल जुळल्यावाचून तेथेही पदक हाती येत नाही.

हे वाचून कोणी उद्याच सावित्रीत होडी लोटील, तर ते धाडस नव्हे, अविचार होय. महाडच्या परिसरात या नदीत मगरी आहेत. भरती-ओहोटीबरोबर प्रवाहाची दिशा पालटते. घाटात मुसळधार पाऊस कोसळला, की महाडास ऊन असले तरी पाणी चढू शकते; त्याच वेळी समुद्राला भरती असली तर पुराच्या पाण्याला वाट मिळत नाही. म्हणून वल्हवण्याचे शिक्षण जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, सुरक्षित पाण्यात आणि पावसाळा टाळूनच घ्यावे. नदीकाठच्या वृद्ध नावाड्यांना नदीचे स्वभाव ठाऊक असतात; त्यांच्यापाशी बसून ते आधी ऐकून घ्यावेत.

पुराच्या दिवशी होडीत बसलेल्यांपैकी प्रत्येकाने आपल्याच मनाप्रमाणे वल्हे मारले, तर होडी जागच्या जागी फिरत राहते आणि पलीकडे छपरावर उभा असलेला माणूस हाका मारीत राहतो. खेळात हरल्याने केवळ चषक जातो. पण खेळात जडलेली सवय संकटाच्या वेळी उपयोगी पडते. स्वतःचा जोर आवरून शेजाऱ्याच्या वल्ह्याशी आपले वल्हे जुळवणे, हाच या नौकेचा पहिला धडा आहे आणि तोच शेवटचाही.