मोटरसायकलचा अंगभूत अलार्म आणि ग्राहकाचा उपाय

उभ्या मोटरसायकलची बॅटरी विश्रांती घेते, हा समज अलार्म असलेल्या गाडीस लागू पडत नाही. कंपन टिपणारा संवेदक अखंड वीज घेत असतो. हा प्रवाह १० मिलिअँपिअर धरल्यास दिवसाकाठी ०.२४ अँपिअर-तास खर्ची पडतात. ४ अँपिअर-तासांची बॅटरी सोळा-सतरा दिवसांत रिती होते, आणि स्टार्टर त्याच्या पुष्कळ आधीच हार खातो. बिरवाडीस आषाढ-श्रावणात गाडी पडवीत पडून राहिली, तर ही बाब क्षुल्लक नव्हे. त्यात संवेदकास चोराचा धक्का व मेघगर्जना यांतील भेद नीटसा कळत नाही. मग मालक अलार्म बंदच ठेवतो.

जोडणी प्रज्वलन-मंडलात गुंतलेली असल्यास गावचा मिस्त्री तीस हात लावण्यास धजत नाही, आणि विक्रेता निर्मात्याकडे बोट दाखवितो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘उत्पादन-दायित्व’ येथे उपयोगी पडेल असे वाटते. परंतु कलम २(२२) मधील हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. म्हणून तक्रार ‘दोष’ व ‘सेवेतील उणीव’ याच सदरांखाली मांडावी लागते. कलम ३९ अन्वये दोषनिवारण, बदली वा परतावा यांचा आदेश मिळू शकतो. कलम ३४ मुळे पुण्यात घेतलेल्या गाडीची तक्रारही राहत्या जिल्ह्यात, म्हणजे अलिबागेस, दाखल करता येते.