सातबारा दोन जागी, मग खरा कोणता?

शेतकरी बंधूंनो, धान विकायला आधारभूत केंद्रावर नाव नोंदवायला जाता आणि तिथे कळते, घरच्या जुन्या उताऱ्यावर बांधी ०.७५ हेक्टर, नव्यावर ०.५७. मग कॉम्प्युटरला शिव्या देऊन भागते का?

एकच दप्तर दोन जागी ठेवले की ही भानगड येतेच. मोठ्या कचेऱ्यांत एक सर्व्हर बंद पडला तर काम अडू नये म्हणून तीच माहिती दुसऱ्यावरही ठेवतात. तिथला दंडक साधा : बदल आधी एकाच ठिकाणी लिहायचा, तिथूनच दुसरीकडे उतरवायचा. दोन्हीकडे वेगवेगळे लिहिले, तर मशीन फार तर शेवटची वेळ पाहते. पण शेवटी लिहिले ते बरोबरच, असे थोडेच आहे?

महसुली दप्तरात हा दंडक कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे. बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. नोटीस, हरकतीला १५ दिवस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मगच सातबारा. म्हणून भांडण सातबाऱ्याशी नको, आधी त्यावरचा फेरफार क्रमांक पाहा आणि त्या फेरफाराची नक्कल काढा.

फेरफार बरोबर आणि सातबाराच चुकला असेल, तर ती उतरवतानाची चूक. जुना हस्तलिखित उतारा व फेरफाराची नक्कल जोडून जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. फेरफारच मान्य नसेल तर मात्र अपिलाची वाट धरावी लागते. आळस करू नका : कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत दप्तरातली नोंदच खरी धरतात.

२०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. पण सही म्हणजे कागदात कुणी खाडाखोड केली नाही एवढीच हमी. ०.५७ चे ०.७५ ती करत नाही. तलाठी मंडळींनीही शेतकऱ्याची प्रत पेनाने सुधारून देऊ नये. त्याने दोन प्रतींच्या तीन होतात.

२०२१ पासून तर एक प्रत आपल्याच खिशात आली, ई-पीक पाहणीची. धुऱ्यावर रेंज नसली तर फोटो मोबाइलमध्येच पडून राहतो, सरकारी दप्तरात तुमचे धान दिसतच नाही. गावात आल्यावर अपलोड झाले का ते बघा, जी.