झेंडा कुणाचाही असो, न्याय सारखा हवा

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी खाणीच्या कॅन्टीनमध्ये चहापेक्षा चर्चा गरम असते. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरीच्या कोळसा पट्ट्यात हे नवे नाही. इथे कामगाराची संघटनाच त्याचे राजकारण सांगते. इंटक काँग्रेसची, भारतीय मजदूर संघ संघ परिवाराचा, आयटक आणि सिटू लाल बावट्याच्या. तरीही कोळसा रोज वर येतो. कारण खाणीचे छत झेंडा पाहून कोसळत नाही.

म्हणूनच कामाच्या जागी मतभेद नकोतच, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांसाठी व्यापारी कोळसा खाणींचा लिलाव सुरू केला. त्याविरुद्ध २ ते ४ जुलै असे तीन दिवस पाचही केंद्रीय संघटना संपावर गेल्या. केंद्रात भाजपचे सरकार असूनही मजदूर संघ त्यात होता. मते कुणीच सोडली नव्हती, पण पोटाचा प्रश्न एक होता.

मग खरी भानगड कुठे आहे? मतभेदाच्या हाती अधिकार येतो तिथे. ड्युटी लावणारा, रजा मंजूर करणारा, ओव्हरटाइम देणारा साहेब माणसाचा पक्ष पाहून सही करतो, तेव्हा तो मतभेद राहत नाही, तो छळ होतो. कंत्राटी कामगाराची स्थिती तर आणखी वाईट. उद्याचे काम जाईल म्हणून तो तोंडच उघडत नाही. त्या शांततेला एकोपा म्हणायचे काय?

आणखी एक ढोंग आहे. कार्यालयात पूजा झाली की ती 'संस्कृती', आणि १४ एप्रिलची वर्गणी मागितली की ते 'राजकारण'! हा न्याय कुठला?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी त्यांनी विचारले, विणकाम खाते अस्पृश्यांना बंद का? १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अन्याय झाकून केलेली एकजूट टिकत नाही, हाच त्याचा अर्थ.

सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी. १९७९ चे वर्तणूक नियम त्यांना पक्षाचे सदस्य होऊ देत नाहीत. १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानासाठी गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने गेली. पथकातल्या प्रत्येकाचे मनातले मत वेगळे असू शकते, पण मतदारासमोर सगळ्यांचा नियम एकच असतो.

तोच नियम खाणीत, डेपोत, कार्यालयात का नको? ड्युटीची यादी फलकावर लावा. तक्रार ऐकणाऱ्या समितीत सर्व संघटना आणि कंत्राटी कामगारही घ्या. पूजेला परवानगी असेल तर जयंतीलाही द्या. आणि साहेबांनी मत कुणाला दिले, हे हाताखालच्या माणसाला कधीच विचारू नये.

एवढे झाले तर कॅन्टीनमधली चर्चा खुशाल गरम राहू द्या. तिची भीती कामगाराला नाही. त्याला भीती वाटते ती साहेबाच्या टेबलावर अडकलेल्या रजेच्या अर्जाची.