गाणं तेच, मांडणी बदलली: मेटल बँड आणि गिटारचे गेम



परवाच्या व्हिडिओत मी मेटल बँडचं उदाहरण दिलं आणि दोन मिनिटांत उरकलं. इथे जरा नीट सांगतो.

गेल्या वर्षी मांजरी बुद्रुकच्या बॅचला चार मुलं आली होती. बाकी सगळे मसाले, शिवणकाम, केक, मोबाईल दुरुस्तीवाले. ही म्हणाली, "सर, आम्ही मेटलमध्ये आहोत." एका ताईंना वाटलं, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असेल. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. नंतर कळलं की हे गिटार-ड्रमवालं मेटल, घसा फाडून गायचं. महिन्याला प्रॅक्टिस रूमचं भाडं, वर्षात तीन कार्यक्रम, आणि ऐकायला तेच तेच साठ-सत्तर मित्र.

मी त्यांना पहिला सल्लाच चुकीचा दिला. म्हटलं, व्हिडिओ टाका आणि पैसे देऊन तो लोकांपर्यंत पोहोचवा. गिटार वाजवणाऱ्या मुलाने ॲम्प विकला, अठरा हजार जाहिरातीत घातले. व्ह्यूज आले, पण ऐकणारे आले नाहीत. लोक आठ-दहा सेकंदांत पुढे सरकले. ते अठरा हजार माझ्या शब्दावर गेले, म्हणून मी स्वतः अभ्यासाला बसलो. त्यात हे गेमचं प्रकरण सापडलं.

२००५ साली अमेरिकेत 'गिटार हिरो' नावाचा गेम आला. हातात प्लास्टिकची गिटार, तिच्यावर पाच रंगीत बटणं. पडद्यावर रंगीत ठिपके वाहत येतात, गाण्याच्या ठेक्यावर बरोबर ते बटण दाबायचं. चुकलात की गिटारचा आवाज बंद पडतो, जास्त चुकलात की गाणं तुटतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

आता गिऱ्हाईक म्हणून विचार करा. रेडिओवर गाणं आवडलं नाही तर माणूस ते बदलतो. इथे तोच माणूस तेच गाणं तीस-चाळीस वेळा ऐकतो, कारण त्याला ते पार करायचंय! आणि नुसतं ऐकत नाही, गिटार कुठे वळते, ड्रम कुठे थांबतो हे बोटांनी पाठ करतो. इतकं लक्ष देणारा श्रोता कुठल्या जाहिरातीने मिळेल?

मेटलला याचा जास्त फायदा का झाला, हे समजून घ्या. २००७ च्या 'गिटार हिरो ३' मध्ये लंडनच्या ड्रॅगनफोर्स बँडचं 'थ्रू द फायर अँड फ्लेम्स' हे गाणं होतं. सात मिनिटांपेक्षा मोठं आणि वेग असा की डोळे फिरावेत. रेडिओवर असलं गाणं कोण लावणार? पण गेममध्ये ते सर्वात अवघड गाणं म्हणून गाजलं. पोरं पैजा लावून ते पूर्ण करायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. बँडच्या रेकॉर्डची विक्रीही वाढली. हा बँड अगदी एकटा नव्हता, पाठीशी रेकॉर्ड कंपनी होती, हे खरं. पण 'फार अवघड, फार वेगवान' हा जो दोष होता, तोच इथे मालाचा गुण झाला. गाण्यात एक सूरही बदलला नव्हता.

लहान बँडांना तर याहून मोठा आधार शेजाऱ्याचा मिळाला. गेम बनवणारी हार्मोनिक्स कंपनी बोस्टनजवळची. तिने मोठमोठ्या बँडांच्या गाण्यांबरोबर बोनस म्हणून गावातल्या छोट्या बँडांची गाणीही ठेवली. बँग कमारो हा बोस्टनचाच बँड 'गिटार हिरो २' मधून असाच बाहेरच्या लोकांना माहीत झाला. आपल्या उपबाजारात कोथिंबीर-मेथीच्या शेजारी कुणी ब्रोकोली ठेवली, की मेथीला आलेलं गिऱ्हाईक "हे काय आहे?" विचारतंच. तसंच हे.

पुढे मार्च २०१० मध्ये हार्मोनिक्सने 'रॉक बँड' या आपल्या दुसऱ्या गेमसाठी 'रॉक बँड नेटवर्क' सुरू केलं. आता कुणीही स्वतःचं गाणं तयार करून दुकानात लावू शकत होतं. गाण्याची किंमत साधारण एक, दोन किंवा तीन डॉलर. गाणं देणाऱ्याला त्यातले ३० टक्के.

इथे कॅल्क्युलेटर काढा. दोन डॉलरच्या गाण्यावर हातात येतात ६० सेंट. दोनशे लोकांनी घेतलं तर १२० डॉलर. गाण्याचे ठिपके बसवायचं काम फार किचकट, प्रत्येक वाद्याचं वेगळं आणि सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्यांचं. ते दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतलं, तर दोनशे गिऱ्हाइकांत खर्च निघणं अवघड. म्हणजे विक्रीचा हिशोब धरून यात उतरलेला बँड फसणार. आणि "हे दोनशे लोक आपलं गाणं पाठ करतील, उद्या टी-शर्ट घेतील, कार्यक्रमाला येतील" असा हिशोब धरणाऱ्याला गणित जमणार. तुमच्या मसाल्याच्या छोट्या पुडीचंही असंच आहे, ती नफ्यासाठी नसते.

आणि मग दुकानच बंद झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने गिटार हिरोचा धंदा गुंडाळला. रॉक बँड नेटवर्कही पुढच्या काही वर्षांत थांबलं. ज्यांनी तेवढ्यात श्रोत्यांचे ईमेल जमवले नव्हते, त्यांचे श्रोते गेममध्येच राहिले. गाळा दुसऱ्याचा असेल तर गिऱ्हाइकाची वही आपली पाहिजे.

आपल्याकडे अशी प्लास्टिकची गिटार घरोघरी कधी पोहोचली नाही. पण वाट हीच वापरणारा माणूस मुंबईत आहे. डेमॉनिक रेसरेक्शन या बँडचा साहिल मखिजा. २००० साली सुरू झालेला मेटल बँड, आणि या पठ्ठ्याने यूट्यूबवर चालवलं काय, तर 'हेडबँगर्स किचन' हे स्वयंपाकाचं चॅनल! पुढे त्यात कीटोच्या पाककृती आल्या आणि जगभरातून लोक बघायला लागले. त्यातल्या काहींना तरी मेटल तिथेच पहिल्यांदा भेटलं असणार. पुण्यातही गेम बनतात. नॉडिंग हेड्स या इथल्या स्टुडिओचा 'राजी' २०२० मध्ये आला. त्यात मेटल नाही, पण गेम बनवणारे आपल्याच शहरात बसलेत हे लक्षात घ्या.

आमच्या चौघांनी आता काय केलंय? पहिलं म्हणजे प्रत्येक गाण्याचे ट्रॅक वेगळे करून ठेवलेत. गिटार, बेस, ड्रम, आवाज, प्रत्येकाची स्वतंत्र फाईल. गेमला हेच लागतं, नाहीतर चुकल्यावर फक्त गिटार कशी बंद करणार? दुसरं, 'क्लोन हिरो' नावाचा फुकट गेम आहे. त्यात चाहतेच गाणी बसवतात. "आमची गाणी बसवा, पैसे नकोत, फक्त बँडचं नाव आणि लिंक द्या" असं त्यांनी लेखी जाहीर केलंय. आतापर्यंत दोघांनी बसवली.

तिसऱ्या गोष्टीत ते जवळजवळ अडकले होते. गाणी ऑनलाइन टाकताना वितरकाच्या फॉर्ममध्ये यूट्यूबवरच्या वापरावर दावा लावायचा पर्याय त्यांनी न वाचता निवडला होता. तो चालू असला की तुमचं गाणं वाजवत खेळणाऱ्या पोराच्या व्हिडिओवर दावा बसतो आणि त्याची कमाई तुमच्याकडे वळते. जो फुकट जाहिरात करतोय त्याच्याच खिशात हात! त्या मुलांची चॅनल वितरकाला कळवून वगळून घ्यावी लागली.

चौथं काम बाकी आहे. गाणं कुणाचं, हे कागदावर नाही. चाल दोघांची, शब्द तिसऱ्याचे, आणि रेकॉर्डिंगवर ड्रम वाजवणारा मुलगा बँड सोडून नोकरीसाठी दुबईला गेलाय. उद्या एखाद्या स्टुडिओने गाणं मागितलं तर पहिला प्रश्न हाच येणार. मी त्यांना एका पानाचा साधा करार लिहून दिलाय. तिघांच्या सह्या झाल्या. ड्रमरला व्हॉट्सॲपवर पाठवलाय, निळ्या खुणा दिसतायत, उत्तर यायचंय.