पोर्टफोलिओवरचं कृष्णविवर: काय ठेवायचं, काय गाळायचं?

समजा, एखादी डिझायनर मैत्रीण तुम्हाला म्हणाली, "माझ्या पोर्टफोलिओ वेबसाइटवर 'इंटरस्टेलर'सारखं कृष्णविवर हवंय. माउस फिरवला की दिसणारा कोन बदलला पाहिजे." संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी असं काम जरूर घ्यावं. छोट्या प्रमाणात का होईना, मॉडेलिंगचे सगळे प्रश्न त्यात येतात.

आधी चित्र समजून घेऊ. कृष्णविवराभोवती तप्त वायूची सपाट तबकडी असते. मग चित्रपटात विवराच्या वर आणि खाली प्रकाशाची कमान कशी दिसते? ती वेगळी वस्तू नाही. तबकडीचा जो भाग विवराच्या मागे आहे, त्याचा प्रकाश वाकून वरून आणि खालून आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून कमान नुसती 'काढायची' नाही. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण उलटा सोडायचा, तो टप्प्याटप्प्याने वाकवायचा आणि कुठे आदळतो ते बघायचं. वेबजीएलमध्ये हे काम फ्रॅगमेंट शेडर करतो.

आता हिशोब बघा. 1920 × 1080 च्या स्क्रीनवर सुमारे 20.7 लाख पिक्सेल. सेकंदाला 60 फ्रेम आणि प्रत्येक किरणाचे 100 टप्पे धरले, तर सेकंदाला जवळपास 1,244 कोटी टप्पे होतात! चित्रपटातल्या काही फ्रेमना 100 तासांपर्यंत वेळ लागला होता. तुमच्या हातात एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद आहेत. म्हणजे काटछाट आलीच. विवरापासून लांब मोठे टप्पे घ्या, जवळ छोटे. रिझोल्यूशन दोन्ही बाजूंनी निम्मं केलं की पिक्सेल एक चतुर्थांश होतात. ज्यांनी डिव्हाइसवर हालचाल कमी ठेवण्याचं सेटिंग केलंय, त्यांना स्थिर चित्र दाखवा.

पण काटछाट करताना भौतिकशास्त्र बिघडलं नाही, हे कसं ओळखायचं? तबकडी बंद करा, कॅमेरा बराच लांब न्या आणि मधल्या काळ्या वर्तुळाची त्रिज्या मोजा. न फिरणाऱ्या विवरासाठी ती घटना क्षितिजाच्या त्रिज्येच्या सुमारे 2.6 पट यायला हवी. 2 आली, तर चित्र कितीही देखणं असो, कोडमध्ये गडबड आहे.

गाळण्याचे निर्णय चित्रपटवाल्यांनीही घेतले. तबकडी प्रचंड वेगाने फिरते, त्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू जास्त प्रखर दिसायला हवी. ज्याँ-पिएर ल्युमिने यांच्या 1979 च्या चित्रात हा फरक स्पष्ट आहे. 'इंटरस्टेलर'मध्ये तो नाही. प्रेक्षक गोंधळतील म्हणून तो मुद्दाम काढला. कथेसाठी विवर जवळजवळ कमाल वेगाने फिरायला हवं होतं, तरी चित्रासाठी कमाल मर्यादेच्या 0.6 पट इतकंच परिवलन घेतलं. महत्त्वाचं म्हणजे किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 च्या शोधनिबंधात हे सगळं उघड लिहिलंय, आणि गाळलेले परिणाम धरून चित्र कसं दिसतं तेही दाखवलंय.

तुम्हीही तेच करा. व्हिज्युअलखाली तीन ओळी टाका: काय मोजलं, काय गाळलं, का गाळलं. शक्य असेल तर प्रखरतेतला फरक चालू-बंद करणारं एक बटण द्या. मैत्रिणीला मुलाखतीत कुणी विचारलं, "दोन्ही बाजू सारख्याच का दिसतात?", तर तिच्याकडे उत्तर असेल. आणि उद्या प्रबंधातल्या आकृतीबद्दल परीक्षक असंच काही विचारतील, तेव्हा तुमच्याकडेही.