जुन्या कादंबऱ्या, नवे वाचक (७) : मेहेरजान हंपीत कुठे राहत होती?

गुंजीकरांचा ‘मोचनगड’ या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. तो आता पुढच्या खेपेला. कारण हरिभाऊ आपट्यांच्या ‘वज्राघात’वरचा मागचा लेख वाचून बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्याच, सेक्टर दोनमध्ये राहणाऱ्या आणि मूळच्या सोलापूरकर असलेल्या एका वाचक ताईंनी विचारलं, “आम्ही सुट्टीत मुलांना घेऊन हंपीला निघालोय. मेहेरजानची काही खूण तिथे बघायला मिळेल का?” प्रश्न इतका सुंदर आहे की बाकी सगळं त्यापुढे थांबू शकतं.

खूण मिळणार नाही, कारण मेहेरजान इतिहासात नाही. विजयनगरच्या रामराजाने तरुणपणी जिच्यावर जीव लावला, राजघराण्याशी सोयरीक जमताच जिला वाऱ्यावर सोडलं आणि जिच्या पोटचा रणमस्तखान पुढे विजापूरचा होऊन त्याच्यासमोर आला, ती बाई इतिहासकार फेरिश्ताच्या तवारिखेत नाही. ती हरिभाऊ आपट्यांनी १९१३ ते १९१५ या काळात उभी केली. पण कल्पनेतली माणसं हवेतून येत नाहीत. हरिभाऊंना नेमकी अशीच आई आणि असाच मुलगा का लागला, याचा विचार मी बरीच वर्षं करतो आहे.

माझं उत्तर असं आहे की इतिहासात एक मुलगा आधीच होता.

कृष्णदेवरायाचा जावई म्हणून रामराजाला कन्नडमध्ये अळिय रामराय म्हणतात. १५४३ साली सदाशिवरायाला गादीवर बसवून सगळी सत्ता त्याने आपल्या हाती घेतली. पुढे त्याचा एक मुलगा वारला, तेव्हा विजापूरचा तरुण अली आदिलशहा मोजक्या स्वारांनिशी स्वतः विजयनगरला समाचाराला आला. फेरिश्ता सांगतो की रामराजाच्या बायकोने त्याला मुलगाच मानलं. मात्र पाहुणा परत निघाला तेव्हा रामराजा त्याला पोचवायला वेशीबाहेर गेला नाही, आणि ते अलीच्या मनात राहिलं. पुढे दोघं मिळून अहमदनगरवर चालूनही गेले. तरीही २३ जानेवारी १५६५ या दिवशी, आपण जिला राक्षसतागडी म्हणतो त्या लढाईत, हा मानलेला मुलगा समोरच्या फौजेत होता.

मानलेल्या मुलाच्या जागी रक्ताचा मुलगा आणा. कादंबरीचा सांगाडा तुमच्या हातात येतो! हरिभाऊंनी हे असंच ठरवून केलं, असा लेखी पुरावा माझ्यापाशी नाही. मी दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचतो आणि मला ते स्पष्ट दिसतं. त्यांच्यासाठी साधनंही हाताशी होती. ब्रिग्जने केलेलं फेरिश्ताचं इंग्रजी भाषांतर १८२९ पासून छापील होतं आणि सेवेलचं विजयनगरवरचं पुस्तक १९०० साली आलं होतं.

सुडाचा दुसरा धागा कादंबरीपेक्षा इतिहासातच जास्त धारदार आहे. अहमदनगरचा हुसेन निजामशहा हरला आणि तहासाठी रामराजाच्या छावणीत आला. रामराजाने त्याचा हात हातात घेतला. निजामशहाने तिथल्या तिथे तस्त आणि झारी मागवून हात धुतले. रामराजा संतापला, पण पाहुणा म्हणून गप्प राहिला आणि त्यानेही पाणी मागवून आपले हात धुतले. मग निजामशहाने कल्याणीच्या किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन केल्या, आणि त्या रामराजाने त्याच्यादेखत अली आदिलशहाकडे पाठवून दिल्या. लढाईच्या दिवशी पालखीतला म्हातारा रामराजा पकडला जाऊन ज्याच्या पुढ्यात आणला गेला, तो हाच हुसेन निजामशहा. शिरच्छेदाचा हुकूम त्याचाच.

ताईंच्या गावाचाही यात वाटा आहे. लढाईआधी सुलतानांनी आपापसातलं वैर मिटवलं ते लग्नांनी. हुसेनची मुलगी चांदबिबी अलीला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून. ज्या किल्ल्यासाठी दोन घराणी पिढ्यान् पिढ्या भांडली, तो लग्नात देऊन टाकला!

आता हंपीत, म्हणजे जुन्या विजयनगरात, काय बघायचं ते सांगतो. रात्रीची हंपी एक्स्प्रेस पकडून सकाळी होसपेटला उतरा आणि विठ्ठल मंदिराची गर्दी गाठण्याआधी अहमद खानाची मशीद शोधा. तिचा शिलालेख १४३९ चा, म्हणजे दुसऱ्या देवरायाच्या काळातला. लेख कन्नडमध्ये आहे, आणि त्यात या सरदाराने देवरायाला पुण्य लाभावं म्हणून ही धर्मशाळा बांधली असं म्हटलं आहे. मुलांना आधी नाव न सांगता आत न्या. घुमट नाही, मिनार नाही. देवळाच्या मंडपासारखे दगडी खांब आणि वर सपाट छत. शेजारच्या कबरीवर मात्र बहमनी धर्तीचा घुमट आहे. विजयनगरच्या फौजेत मुसलमान सरदार आणि शिपाई होते, राजधानीत त्यांची वस्ती होती, आणि रामराजाने तर ही भरती मुद्दाम वाढवली. व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची १५६७ साली तिथे होता. त्याने लिहिलंय की रामराजाच्याच दोन मुसलमान सेनापतींनी ऐन लढाईत बाजू बदलली. मेहेरजानला शोधायचं तर या खांबांमध्ये शोधा. तिच्यासारखी बाई विजयनगरात असणं अशक्य नव्हतं, एवढं ही वास्तू सांगते.

‘वज्राघात’मध्ये योगायोग फार आहेत आणि लांबलचक भाषणं आजच्या वाचकाला जड जातील, हे खरं. तरीही हरिभाऊंनी रामराजाला जे दिलं, ते तवारिखेने दिलं नाही. तवारिखेतला रामराजा गर्वाने बुडतो. कादंबरीतला रामराजा एका बाईला दिलेल्या शब्दामुळे बुडतो, आणि आपण काय केलं हे त्याला मरणाआधी उमगण्याची जागा हरिभाऊ ठेवतात. मेहेरजान मात्र सुडाचं हत्यार होऊन राहत नाही. तिचा राग आणि तिची माया शेवटपर्यंत एकमेकांशी झगडतात. मला ही कादंबरी हरिभाऊंच्याच ‘उषःकाल’पेक्षा वरची वाटते, ती याच कारणाने. शेवट मी सांगणार नाही. ताई, प्रवासात तेवढी पानं तुम्हीच वाचा, आणि मुलांनाही वाचून दाखवा.

पुढच्या आठवड्यात नक्की ‘मोचनगड’. गुंजीकर बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे, त्यामुळे कर्नाटक सोडून आपण फार लांब जाणार नाहीच.