पॉलिहाऊसचा कागद आणि पांढऱ्या माशीची दृष्टी

पॉलिहाऊससाठी प्लॅस्टिक कागद खरेदी करताना त्यावरील ‘यूव्ही’ ही अक्षरे पाहून अनेक शेतकरी निश्चिंत होतात. प्रत्यक्षात या अक्षरांमागे दोन भिन्न गुणधर्म असू शकतात: कागदाचे आयुष्य वाढविणे आणि किडींची दृष्टी रोखणे. हा फरक लक्षात न घेतल्यास कीडनियंत्रणाच्या अपेक्षेने केलेला खर्च वाया जाऊ शकतो.

सूर्यप्रकाशातील ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण मानवाला दिसत नाहीत. पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा यांना मात्र ते जाणवतात व उड्डाणाची दिशा ठरविण्यास उपयोगी पडतात. हे किरण शोषणारा कागद वापरल्यास पॉलिहाऊसचा अंतर्भाग किडींना अंधारलेला भासतो. त्यामुळे आत शिरणाऱ्यांची संख्या घटते आणि शिरलेल्यांचा संचारही मंदावतो. इस्रायलमधील अँटिग्नस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा आच्छादनाखाली किडींबरोबरच त्यांच्यामार्फत पसरणारे विषाणुजन्य रोगही कमी आढळले. टोमॅटोवरील पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पांढरी माशीच वाहून नेते, हे येथे ध्यानात घ्यावे.

बेंझोफेनोन किंवा बेंझोट्रायझोल वर्गातील रसायने अतिनील किरण शोषून त्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. याउलट, ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ कागदात बहुधा हिंडर्ड अमाइन वर्गातील स्थिरक असतात. ते उन्हामुळे प्लॅस्टिकमध्ये निर्माण होणारे मुक्त मूलक निष्प्रभ करून कागद ठिसूळ होऊ देत नाहीत. परंतु अतिनील किरण अडवीत नाहीत. गंधक व क्लोरीनयुक्त कीडनाशकांच्या सततच्या संपर्काने हे स्थिरकही निकामी होऊ लागतात.

किरणशोषक कागदाला मर्यादाही आहेत. मधमाश्या अतिनील प्रकाश पाहू शकतात. म्हणून परागीभवनासाठी त्यांच्यावर अवलंबून असलेल्या पिकांत विशेष विचार करावा. वांगी व लाल गुलाब यांचा रंग फिका पडू शकतो. कालांतराने शोषक द्रव्याचा प्रभाव ओसरतो. उघड्या बाजूंनी येणारा प्रकाश व किडी कागद थांबवू शकत नसल्याने कीडरोधक जाळी आणि दुहेरी दरवाजा यांना पर्याय नाही.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून ३०० ते ४०० नॅनोमीटर पट्ट्यातील प्रकाशपारगमनाचा आलेख मागावा. ढोबळ पडताळणीसाठी ३६५ नॅनोमीटरचा दिवा व चलनी नोट पुरेशी होते. दिवा आणि नोट यांच्यामध्ये कागदाचा तुकडा धरावा. नोटेवरील चमकणारे अंक तरीही स्पष्ट उजळत असतील, तर किरण आरपार जात आहेत असे समजावे. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक शेतकरी मेळाव्यात करून दाखविल्यास ‘टिकाऊ’ आणि ‘किरणशोषक’ यांतील भेद शेतकऱ्यांना खरेदीपूर्वीच उमगेल.